दिसलं का वाटलं?

मुनीरमामा गेल्याचं त्यांच्या मुलीनं, आयेशानं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "तुला दिसलं, की कुणी सांगितलं?" आणि लगेच जीभ चावली. बाप गेलेल्या मुलीला कुणी असं विचारतं का... पण आयेशा त्याच घरात वाढलेली. ती रडता रडता थांबली आणि म्हणाली, "दिसलं, ताई. माझ्यासमोरच गेले." सकाळचे साडेनऊ झाले होते. कारेगावातल्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या केव्हाच कारखान्यांत गेल्या होत्या आणि आमच्या ऑफिसखालच्या खानावळीत कांदा चिरला जात होता. हे सगळं मला लख्ख आठवतं, कारण तो प्रश्न विचारणं आणि असं नीट बघून ठेवणं, दोन्ही मला त्यांनीच लावलेल्या सवयी.

मुनीरमामा तळेगाव ढमढेऱ्याचे. ते नात्यानं माझे कुणी नव्हते. ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणत, मालकसुद्धा. टेलिफोनच्या लाइनमनची नोकरी करत शिरूरच्या एक्स्चेंजमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. घरोघरचे फोन बंद व्हायला लागले तेव्हा नोकरी सोडून घरी बसायचं, तर ते पन्नाशीत संगणकाच्या मागे लागले. कुणाकडे शिकलात असं विचारलं की म्हणायचे, "चुकून चुकून." आमची कंपनी जेमतेम दहा माणसांची. कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी बोलू शकतील असे छोटे डबे आम्ही बनवतो. मी इंजिनियर होऊन, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून, जरा ताठ मानेनंच तिथं रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात एक डबा बंद पडला. मी मान वर न करता सांगून टाकलं, वायर सैल असणार. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "दिसलं का वाटलं?" मी म्हणाले, वाटलं. "मग तसं म्हण की," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले. माझी मान त्या दिवसापासून सैल झाली.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही असायची. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ, डाव्या बाजूला वर लिहिलेलं 'दिसलं' आणि उजव्या बाजूला 'वाटलं'. ही पद्धत एक्स्चेंजमधल्या तक्रारींच्या वहीतून आलेली. जमिनीतली केबल बिघडली की पाच लाइनमन पाच कारणं सांगायचे आणि रस्ता पाच ठिकाणी खणला जायचा. मामांनी तेव्हापासून स्वतःपुरता नियम केला: डोळ्यांनी पाहिलेलं डावीकडे, मनात आलेलं उजवीकडे, आणि उजवीकडच्या गोष्टीसाठी कुदळ उचलायची नाही. आम्ही या वहीवरून त्यांची भरपूर चेष्टा केली. डब्यातली भाजी खारट आहे हे कुठल्या बाजूला लिहायचं, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी गंभीरपणे माझ्या डब्यातली भाजी चाखली आणि म्हणाले, डावीकडे.

आमच्या भागात बिबट्या ही आता बातमी राहिलेली नाही. ऊस उभा असतो तोवर तो उसात असतो, तोड सुरू झाली की बाहेर पडतो, आणि मोठी माणसंसुद्धा मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून घोळक्यानं चालतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक काम हाती घेतलं. उसाच्या कडेला कॅमेरा, कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की आमच्या डब्याला निरोप, डब्याकडून रेडिओवरून वस्तीवरच्या भोंग्याला निरोप, आणि भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात. पहिला डबा कुठं बसवायचा हे ठरत असताना मी हट्टानं माझं गाव पुढं केलं. दौंड तालुक्यातलं राहू. तिथं मळ्यात माझ्या भावाची, दत्तादादाची, सात घरांची वस्ती आहे. भोंगा मी उभं राहून खांबावर बांधून घेतला, सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, हा वाजेल, तुम्ही निर्धास्त राहा. हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.

पावसाळ्याचे दोन महिने छान गेले आणि मग डबा मरायला लागला. इथं थोडं समजावून सांगायला हवं. कुठल्याही संगणकाच्या पोटात एक मुख्य प्रोग्रॅम असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात. त्याला कर्नल म्हणतात. बाकीचा एखादा बिघडला तर तो एकटा बंद पडतो. कर्नल बिघडला की सगळंच जागच्या जागी थिजतं. मरताना तो शेवटच्या चार ओळी लिहून जातो, पण त्या वाचायला तिथं कुणीतरी हजर असावं लागतं. आता लष्करातला कर्नल आणि हा कर्नल मराठीत लिहायलाही एकच आणि ऐकायलाही एकच. मी दादाच्या ओट्यावरून मामांना फोनवर सांगत होते की कर्नल पुन्हा मेला, या आठवड्यात दुसऱ्यांदा, तेव्हा धान्य पाखडणाऱ्या वहिनीचा हात थांबला. फोन ठेवल्यावर तिनं हळूच विचारलं, कुठल्या गावचे होते, आणि दुसऱ्यांदा म्हणजे कसं. मामांना हे सांगितलं तर त्यांना हसून हसून ठसका लागला. त्यानंतर आमच्यात कर्नलला 'साहेब' म्हणायची रीत पडली. साहेब कसे आहेत, साहेब गेले का, असं चालायचं.

हसण्याचे दिवस लवकरच संपले. एका संध्याकाळी, अजून उजेड असताना, बिबट्यानं दादाच्या गोठ्यातून कालवड नेली. माझी भाची तनू, तेव्हा सहा वर्षांची, गोठ्यामागच्या हौदावर बाहुलीचे कपडे धूत बसली होती. मधे दहा-बारा पावलांचं अंतर. कॅमेऱ्यानं बिबट्याला पाहिलं होतं, निरोपही सोडला होता. पण तो निरोप घ्यायला डबा जिवंतच नव्हता. तो दुपारीच मेला होता. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा दादा भोंग्याच्या खांबाकडे बघत उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "भोंगा नव्हता तवा निदान भ्या तरी होतं," तो म्हणाला. "तुझ्या भरवशावर पोरगी बाहेर सोडली व्हती." महिन्याभरात हे नीट झालं नाही तर डबा, कॅमेरा, खांब सगळं उपटून रस्त्यावर ठेवीन, असं सांगून तो गुरांना वैरण टाकायला निघून गेला. तनू ओली बाहुली घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. तिच्या केसांवरून हात फिरवायची माझी छाती झाली नाही.

ऑफिसात मालकांनी सोपा उपाय काढला: डबा मेला की मिनिटभरात आपला आपण पुन्हा सुरू होईल अशी सोय करून टाकू. मला तो पटला; घाबरलेल्या माणसाला सगळंच पटतं. मामा म्हणाले, "त्या एका मिनटात बिबट्या थांबणार हाय का?" सोय आम्ही केलीच, पण तिला उपाय म्हणायला त्यांनी मनाई केली. मग मालकांनी विचारलं, चूक नेमकी कुणाची, रेडिओवाल्याची, बाहेरून आणलेल्या सुट्या भागांची, का आपल्यातल्या कुणाची. मामा वहीकडे बघत म्हणाले, "अजून दिसलं न्हाई." मालक रोज सकाळी हेच विचारत राहिले आणि मामा रोज हेच उत्तर देत राहिले. मला त्या दिवसांत त्यांचा भयंकर राग यायचा. माझी भाची तिकडं उसाच्या कडेला राहते आणि हा माणूस साधा अंदाजसुद्धा बोलून दाखवत नाही...

गंमत म्हणजे ऑफिसातला डबा मरायलाच तयार नव्हता. मी दिवसचे दिवस त्याची केबल काढत-घालत बसले, बोटांची सालं निघाली, साहेब ठणठणीत. राहूतला मात्र दोन-तीन दिवसांनी जायचाच. लागोपाठ तीन वेळा दुपारी गेला तेव्हा मी मामांच्या वहीत डाव्या बाजूला लिहून मोकळी झाले: 'उन्हानं तापतो.' मामांनी ती ओळ खोडली नाही. पट्टी घेऊन त्यांनी एक बाण काढला आणि ती उजव्या बाजूला नेऊन ठेवली, चुकीच्या वर्गात बसलेल्या पोरीला हाताला धरून तिच्या वर्गात नेतात तशी. "तुला ऊन न्हाई दिसलं. तुला घड्याळ दिसलं," ते म्हणाले. "चल, राहूला जाऊ."

त्यांच्या मोटरसायकलवर आम्ही तळेगावावरून निघालो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बाजारात थांबून त्यांनी वहिनीसाठी खजूर घेतला आणि तनूसाठी एक लाल शिट्टी. भोंगा दुरुस्त होईपर्यंत हा तुझा भोंगा, असं त्यांनी तिला बजावलं, आणि तिनं शिट्टी वाजवून वाजवून वस्ती डोक्यावर घेतली तरी तिला कुणी गप्प करू दिलं नाही. डब्याला लॅपटॉप जोडून आम्ही पेरूच्या झाडाखाली बसलो. दादा आमच्याकडे फिरकला नाही. मी पडद्याला डोळे लावून बसलेली आणि मामा मात्र वहिनीशी गप्पा मारत होते. मी मनातून चिडले होते. मग त्यांनी तिला विचारलं, "वहिनी, लाईट येती तवा काय काय व्हतं?"

"काय व्हनार मामा," वहिनी म्हणाली. "येती, जाती, परत येती, परत जाती. सगळ्यांच्या मोटरी ऑटोवर हायेत ना."

शेतीची थ्री-फेज लाईट आमच्याकडे ठरावीक तास असते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. तिच्यासाठी जागं कोण राहणार, म्हणून जो तो विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवतो: लाईट आली की मोटर आपोआप चालू. बसवू नका असं सगळे सांगतात आणि सगळे बसवतात. मग लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एका दमात उठतात, ट्रान्सफॉर्मरला तो भार पेलवत नाही, लाईट जाते, मोटरी पडतात, लाईट पुन्हा येते... दोन-तीनदा असं झाल्यावर मग कुठं ती टिकते. आमचा डबा बॅटरीवर असल्यानं तगून राहायचा, पण रेडिओ त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या घरच्या लाईटवर होता. तो त्या घटकाभरात दोन-तीनदा बेशुद्ध पडून उठायचा. पावसात मोटरी बंद होत्या, म्हणून पहिले दोन महिने निभावलं होतं. ऑफिसात मी हातानं केबल काढायची ती सावकाश, एकदा काढून एकदा घालायची. असा थयथयाट मी त्या डब्याला कधी दाखवलाच नव्हता. मी याच वस्तीवर वाढलेली मुलगी. लाईटीचा हा खेळ जन्मभर पाहिलेला, पण तो मला कधी दिसला नव्हता.

आम्ही सलग तीन दिवस राहूला गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली, गेली, आली, गेली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर साहेबांच्या शेवटच्या ओळी धडाधड उमटल्या. कर्नल कुठल्या ठिकाणी काम करताना मेला ते त्यात लिहिलेलं असतं. ते ठिकाण होतं आलेली माहिती उतरवून घेणाऱ्या भागात, जगभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या, आमचा हातही न लागलेल्या. मला एकदम हायसं वाटलं. निदान आपलं काही नाही. मामांनी ती ओळ डावीकडे उतरवून घेतली, टोपण लावलं आणि म्हणाले, "हा हितं मेला, स्वाती. पन ह्याला हितं मारला न्हाई."

ऑफिसात परतल्यावर त्यांनी राहूची लाईट तयार केली. रेडिओच्या वायरीत एक रिले घातला, दोन-तीनदा झटपट चालू-बंद होणारा, आणि त्याला नाव दिलं 'वहिनी'. वहिनीपुढे ऑफिसातला डबा दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही. मग कर्नलमधली एक सोय चालू केली: मेमरीतली जी जागा वापरून सोडून दिली तिच्यात एक खुणेचा आकडा भरून ठेवायचा, आणि ती कुणी सोडली त्याचं नाव टिपून ठेवायचं. डबा पुन्हा मेला. ज्या जागेवर तो अडखळला होता तिथं तोच खुणेचा आकडा होता, म्हणजे सोडून दिलेली जागा कुणीतरी अजून आपलीच समजून वापरत होतं. आणि जागा सोडणाऱ्याचं नाव खालच्या ओळीत होतं. मामा त्या वेळी खिडकीशी पाठमोरे उभे राहून चहा पीत होते. मी ते नाव दोनदा वाचलं. तो मी लिहिलेला कोड होता.

रेडिओ पडला की वाट बघत असलेली माहितीची पुडकी टाकून द्यायची, म्हणजे तो लवकर उठेल, असा तो तुकडा मी मोठ्या हौसेनं घातला होता आणि त्याबद्दल मालकांची शाबासकीही घेतली होती. प्रत्येक पुडकं किती जणांनी धरून ठेवलंय याचा आकडा कर्नल ठेवतो आणि तो शून्य झाल्याशिवाय जागा दुसऱ्याला द्यायची नसते. मी तो आकडा बघतच नव्हते. रेडिओ एकदाच पडला तर निभावून जायचं. उठता उठता पुन्हा पडला की घात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, त्यावरून मामांनी मला समजावलं. "तू रुमाल उचलून जागा दुसऱ्याला दिली," ते म्हणाले, "आन् रुमालवाला मागनं चढत व्हता." मी त्यांच्या वहीत डाव्या बाजूला माझ्या हातानं लिहिलं, स्वातीचा कोड. अक्षर इतकं वाकडं आलं की माझं मलाच ओळखू येईना.

दुरुस्ती तीन ओळींची होती. त्या तीन ओळी घालून वहिनी नावाचा रिले आठवडाभर डब्याच्या मानगुटीवर बसवला, आणि मगच मामांनी तो राहूला न्यायची परवानगी दिली. मालकांना मी लगेच सांगितलं. ते चिडले आणि दोन दिवसांनी विसरले. दादाचं अवघड होतं. मी मामांना म्हणाले, तुम्हीच सांगा ना, तुमचं तो ऐकेल. त्यांनी मान हलवली. "म्या सांगितलं तर ती तक्रार व्हईल. तू सांग." गोठ्यात रिकाम्या दाव्याजवळ उभं राहून मी दादाला सांगितलं की लाईटीचा दोष नाही, यंत्राचा नाही, चूक माझी होती, आणि तनू माझ्या चुकीपासून दहा पावलांवर होती. मग माझ्या हातातला डबा त्यानं घेतला, स्वतः खोलीत नेऊन खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "च्या पिऊन जावा दोघं."

मामांचं पोट दुखायला लागलं ते गेल्या दिवाळीनंतर. स्वादुपिंडात गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते अर्धे झाले होते, पण चष्मा तसाच कपाळावर होता आणि वही उशाखाली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, मला वाटतं मामा तुम्ही बरे व्हाल. म्हणाले, "डॉक्टरला दिसलंय, स्वाती. मला अजून वाटंना." आणि हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले आणि ते मला कारेगावच्या नव्या डब्याबद्दल विचारत राहिले, साहेब कसे आहेत म्हणून.

ते गेल्यावर चाळिसाव्या दिवशी मी तळेगावला गेले. जेवणं झाल्यावर आयेशानं आतून वही आणून दिली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, कोरी पानं वाया घालवू नका, स्वातीला द्या. तिथंच खाटेच्या काठावर बसून मी मागची पानं चाळली. कालवड गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं पान निघालं. डावीकडे एवढंच होतं: 'राहूचा डबा दुपारी बंद. कालवड गेली. पोरगी वाचली.' आणि उजवीकडे, वाटलं या शब्दाखाली, मामांच्या ठसठशीत अक्षरात: 'स्वातीचा कोड. पुडकी सोडतो तिथं.' त्याखाली दोन रेघा मारून: 'दिसेपर्यंत बोलायचं न्हाई.'

म्हणजे पहिल्या दिवसापासून... मालक रोज सकाळी विचारत होते, मी मनातल्या मनात त्यांना दगड म्हणत होते, आणि ते माझं नाव वहीच्या उजव्या बाजूला झाकून ठेवून सांगत होते, अजून दिसलं न्हाई. खोटं एका अक्षराचं बोलले नाहीत. त्यांचा अंदाज बरोबर होता, पण अंदाजावरून एका पोरीकडे बोट दाखवायचं नाही म्हणून ते माझ्याबरोबर राहूच्या फेऱ्या मारत राहिले, आणि नाव समोर आलं तेव्हा मला एकटीला वाचता यावं म्हणून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आयेशाच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. ते गेले त्या दिवशी रडू आलं नव्हतं, ते सगळं त्या दुपारी आलं.

वही आता माझ्याकडे असते. राहूचा डबा त्यानंतर एकदाही मेलेला नाही. भोंगा नीट आहे ना हे बघायला दर रविवारी सकाळी दहाला तो एकदा वाजवतात आणि वहिनी मला फोन करून कळवते. तनू त्या वेळी मागून शिट्टी वाजवते, लाल शिट्टी अजून तिनं हरवलेली नाही. चाळिसाव्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम राहूला गेले, पेरूखाली बसले, आणि दहा वाजता भोंगा वाजला. मी वहीतलं पहिलं कोरं पान काढलं, पट्टीनं मधोमध रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं, 'भोंगा वाजला.' मग पेन उजव्या बाजूला गेलं. तिथं लिहिलं, 'मामांना फोन करावा.'